वाडीचं निदान आणि डॉक्टरांचं निदान

बाबांच्या पोटात अल्सर निघाला आणि अख्ख्या वाडीने खापर फोडलं ते बांगड्याच्या तिखल्यातल्या तिरफळांवर. एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोटाची तपासणी) करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र आधी गोळ्यांचं विचारलं. आंब्याच्या पेट्या उचलून कंबर धरते, म्हणून बाबा हंगामभर पहाटे कोऱ्या चहाबरोबर डायक्लोफेनॅक ही दुखणं मारणारी गोळी घ्यायचे. या गोळ्यांनी जठराचं अस्तर दुबळं होतं. तिखटाने जळजळ वाढते, पण अल्सर होतो तो बहुतेक अशा गोळ्यांनी, नाहीतर एच. पायलोरी या जंतूने. बाबांच्या बायोप्सीत, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तोही निघाला!

हा जंतू जठराला सूज आणतो हे दाखवायला बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली तो स्वतःच पिऊन टाकला. २००५ मध्ये रॉबिन वॉरनसह त्यांना नोबेल मिळालं. बाबा म्हणाले, "पिसो होतो काय तो?"

उपचार १४ दिवसांचा: दोन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी. तोंड सतत कडू, त्यामुळे पेजसुद्धा नको व्हायची. दुखणं थांबताच बाबा गोळ्या सोडायला निघाले, तेव्हा आईने पाकीटच ताब्यात घेतलं. बरोबरच केलं, अर्धवट कोर्सने जंतू उरतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. कोर्स संपल्यावर महिन्याभराने, जंतू गेला का ते पाहायला, श्वासाची चाचणी आहे. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद, डॉक्टरांच्या सांगण्यानेच.

शेजारच्या काकी रोज सोलकढी पाठवतात. झोंबत नाही तोवर प्यावी, पण ते औषध नव्हे. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर मात्र थेट इस्पितळ गाठायचं.

कंबरेला आता पॅरासिटामॉल, तीही विचारून. पेट्या उचलायला गडी ठेवलाय.