माकडाच्या गोष्टीतला पुरवणी जबाब

विज्ञान दिनानिमित्त नाशिकच्या गंगापूर रोडवर झालेल्या एका व्याख्यानात डार्विनच्या उत्क्रांतिवादावरून झालेल्या वादाची ती गोष्ट पुन्हा ऐकली. ३० जून १८६०, ऑक्सफर्ड. बिशप विल्बरफोर्सनं डार्विनची बाजू मांडणाऱ्या हक्सले या शास्त्रज्ञाला विचारलं, माकडाशी नातं आजोबांकडून की आजीकडून? हक्सलेनं एका वाक्यात त्याला गार केलं. सभागृहात टाळ्या. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात वकिली केलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा की जबाब कधीचा?

गोष्टीचा रंगीत अवतार १८९८ चा. सभेला हजर असलेल्या एका बाईंनी मासिकात लिहिलेल्या आठवणी, अडतीस वर्षांनंतरच्या. म्हणजे पुरवणी जबाबच, मूळ जबाबानंतर मागाहून जोडलेला! बांधावरच्या मारामारीच्या केसेसमध्ये हे नेहमीचं. फिर्यादीत 'बाचाबाची झाली' एवढंच असतं, आणि पिंजऱ्यात उभं राहिल्यावर शिव्यासुद्धा शब्दशः आठवतात.

पण उशिराचा म्हणून अख्खा जबाब फेकता येत नाही. एक बाई बेशुद्ध पडल्या, असं आठवणींत आहे. सभेत बोललेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरनं दोन दिवसांनी डार्विनला पाठवलेल्या पत्रात बेशुद्ध पडलेल्या बाईंचं नावही आहे, लेडी ब्रूस्टर. ते मान्य. आजोबा-आजीचा प्रश्न भूवैज्ञानिक लायल यांच्या ४ जुलैच्या पत्रात सापडतो. म्हणजे आठवणी लिहिणाऱ्या बाईंनी तो नंतर रचलेला नाही. मात्र लायल यांची माहिती ऐकीव, आणि या प्रसंगाच्या वेगवेगळ्या हकिगती कानावर आल्याचं ते स्वतःच लिहितात. चौथ्याच दिवशी! तेव्हा हक्सलेचे नेमके शब्द कुणी छातीठोक सांगू लागला, की मी सावध होतो.

अडतं ते निकालावर. बाईंच्या आठवणीत हक्सलेच्या उत्तरानं सभा हादरली. खुद्द हक्सले सप्टेंबरात मित्राला लिहितो की पुढचे चोवीस तास ऑक्सफर्डात सर्वांत लोकप्रिय माणूस मीच होतो. हूकर मात्र म्हणतो, हक्सलेनं उत्तर चांगलं दिलं, पण एवढ्या गर्दीत त्याचा आवाज पोचला नाही, बिशपला लोळवलं ते मी. दोघे एकाच बाजूचे, डार्विनचे खंदे पाठीराखे. हूकरचं पत्र सर्वांत ताजं, म्हणून मीही आधी त्याच्याकडे झुकलो होतो. पण हक्सलेचा आवाज न पोचण्यात हूकरचा फायदा आहेच की. उलटतपासाला दोघांपैकी कुणीच उपलब्ध नाही, त्यामुळे सभा कुणी जिंकली हा मुद्दा मी शाबीत धरत नाही.