अंकलिपीतला नळ आणि अडलेला प्रश्न

एखादा प्रश्न अडला की डोकं त्याच चार उपायांभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरत राहतं. विचार करण्याच्या पद्धतींवर लिहिणारे एडवर्ड डी बोनो यांच्या ‘लॅटरल थिंकिंग’ या पुस्तकात यावर एक तोडगा आहे. प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला शब्द उचलायचा आणि तिथून प्रश्नाकडे यायचं. शब्दाऐवजी चित्र घेतलं तर आणखी बरं, कारण शब्दाचा अर्थ चटकन ठरून जातो, चित्राकडे मात्र बघत बसता येतं.

बाजारात ‘रोरीज स्टोरी क्यूब्ज’ नावाचे, ठिपक्यांऐवजी चित्रं असलेले फासे मिळतात. ९ फासे, ५४ चित्रं. नऊच्या नऊ एकदम टाकले की माणूस गोष्ट रचायला लागतो आणि प्रश्न बाजूला पडतो, म्हणून एकच टाका. पण त्याहून स्वस्त साधन म्हणजे अंकलिपी. तिची झेरॉक्स काढून चित्रं कापा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. अक्षर मात्र कापून टाका, नाहीतर मन ‘न नळाचा’ म्हणून मोकळं होतं. गणपती आणि ज्ञानेश्वर बाजूला ठेवा, तिथे हात जोडले जातात, खेळ होत नाही. षटकोनही नको, त्यातून फारसं काही निघत नाही. पतंग, छत्री, लसूण, नळ, दरवाजा ही कामाची चित्रं. तीसेक पुरतात.

आधी प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा. समजा, ‘वाचनालयातली पुस्तकं वेळेवर परत येत नाहीत.’ मग न बघता एक चित्र ओढा. आला नळ. आता ३ मिनिटं फक्त नळाबद्दल लिहायचं, वाचनालयाचं नावही काढायचं नाही. किमान १२ गोष्टी हव्यात. पहिल्या चार-पाच सगळ्यांना सुचतात (पाणी, तोटी, बादली), खरा माल त्यानंतर येतो: पाणी ठरल्या वेळेलाच येतं, त्याआधीच बादल्यांची रांग लागते, वॉशर झिजला की गळती.

यानंतरची ५ मिनिटं जोडणीची. पाणी ठरल्या वेळेला येतं, तर नवी पुस्तकं फक्त रविवारी ९ ते ११ मध्येच मांडायची आणि जुनं जमा केल्याशिवाय नवं द्यायचं नाही. वॉशरवरून सुचतं की गळती नेमकी कुठे आहे ते आधी पाहावं. नोंदवहीत कदाचित ठरावीक दहा-बारा सभासदच सापडतील, मग दंड सगळ्यांना कशाला?

‘नळ आला, म्हणजे पिण्याच्या पाण्याची सोय करू’ ही नेहमीची चूक. घ्यायचं ते वस्तूचं वागणं, वस्तू नव्हे. दुसरी चूक म्हणजे मनासारखं चित्र येईपर्यंत ओढत राहणं. आवडलेलं चित्र बहुधा आधीच्याच उपायाकडे नेतं, आणि मग सगळा खटाटोप फुकट. चारजण बसले असतील तर आधी प्रत्येकाने गुपचूप लिहावं. मोठ्याने बोलायला सुरुवात झाली की सगळ्यात ज्येष्ठ माणसाचा नळ तेवढा उरतो.

दहा मिनिटांत काहीच हाती लागलं नाही तर कागद तसाच ठेवून उठा. दुसरं चित्र उद्या.