तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलेंडर छापून आल्यावरही परीक्षा पुढे का जाते?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही गेलं तरी पालक आणि नवे प्राध्यापक हाच प्रश्न विचारतात. विद्यापीठाचं शैक्षणिक कॅलेंडर आधीच जाहीर होतं, मग परीक्षेची तारीख का सरकते? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून हिशेबासकट सांगतो.

जूनची तारीख टाकायची, सुट्ट्या लाल करायच्या, उरलं ते अध्यापन, असं बऱ्याच जणांना वाटतं. अशी मांडणी डिसेंबरात अडकते. कॅलेंडर निकालापासून मागे मोजत यावं लागतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत निकाल लावायचा, फार तर 45. यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) वर्षाला 180 दिवस प्रत्यक्ष अध्यापन हवं, म्हणजे सत्राला 15 आठवडे, 90 दिवस. प्रवेशाचे आणि परीक्षेचे दिवस त्यात धरत नाहीत, आणि नेमके तेच मोजणारे पुष्कळ भेटतात.

2025चं पहिलं सत्र घ्या. 16 जून ते 18 ऑक्टोबर म्हणजे 125 दिवस. 17 रविवार गेले, उरले 108. स्वातंत्र्यदिन, गणेश चतुर्थी, ईद-ए-मिलाद आणि 2 ऑक्टोबर या चार सुट्ट्या, पाचवी पोळ्याची स्थानिक सुट्टी धरा. 103. (गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले म्हणून एक दिवस वाचला, नाहीतर 102.) त्यातून 90 अध्यापनाचे काढले की परीक्षेला 13 दिवस. सगळ्या वर्षांचे, सगळ्या शाखांचे पेपर आणि मागे राहिलेल्या विषयांचे पेपर 13 दिवसांत बसत नाहीत. लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला, त्यामुळे परीक्षा दिवाळीपलीकडे गेली. 2026मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, अठरा दिवस उशिरा. तेव्हा हीच परीक्षा दिवाळीआधी संपवता येते. मागच्या वर्षीच्या तारखा जशाच्या तशा उचलून चालत नाहीत ते यामुळे.

नुसती बेरीज पुरत नाही, वारनिहाय मोजा. 2025मध्ये 15 ऑगस्ट, पोळा (22 ऑगस्ट) आणि ईद (5 सप्टेंबर) तिन्ही शुक्रवारी. एका क्रेडिटच्या (श्रेयांकाच्या) प्रात्यक्षिकाला सत्रात 30 तास लागतात, म्हणजे दोन तासांच्या 15 पाळ्या. शुक्रवारच्या तुकडीचे सहा तास बुडाले, सोमवारच्या तुकडीचा एकही नाही. उपाय साधा आहे: दोन-तीन शनिवारी शुक्रवारचं वेळापत्रक चालवायचं. पण ते कॅलेंडरमध्येच छापा. सप्टेंबरात सूचना काढून कोणी येत नाही.

खरी गाठ मात्र परीक्षा अर्जांची. एटीकेटीवाल्याला (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्याला) आधीच्या सत्रात कशात राहिलो हे कळल्याशिवाय अर्ज भरता येत नाही. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. तोवर पुढच्या अर्जाची मुदत उलटते. मग विलंब शुल्क, मुदतवाढ, आणि हॉल तिकिटं पेपरच्या आदल्या दिवशी. म्हणून अर्जाची खिडकी निकालाच्या तारखेला बांधा, सत्राच्या तारखेला नको. उत्तरपत्रिकांचाही हिशेब करा: एका विषयाच्या 6,000, परीक्षक 20, प्रत्येकी दिवसाला 30, तर दहा दिवस. परीक्षक निम्मे आले तर वीस.

आता आपल्या खान्देशाचं. श्रावणात कानबाई या देवीची स्थापना रविवारी, पण विसर्जन सोमवारी. त्या सोमवारी अंतर्गत चाचणी ठेवू नका. कापूस वेचणी सुरू झाली की खेड्यातल्या महाविद्यालयांत बाक रिकामे दिसतात. अक्कलकुवा-धडगाव भागात होळीआधीचा आठवडा भोंगऱ्याचा, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या बाजारांचा, मग काठी गावची होळी. तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा लावली की गैरहजेरीचा शेरा मिळतो आणि पुढे पुन्हा परीक्षा घ्यावी लागते. दुसरं सत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं तर लेखी परीक्षा एप्रिल अखेरीस आटोपते. तीन आठवडे उशीर झाला की पेपर मेच्या भट्टीत, आणि मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येते. ती 2026मध्ये एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात होती, 2027मध्ये 9 मेला आहे. सासुरवाशिणी लेकी माहेरी जाण्याचा हा सण. आपल्या वर्गांत लग्न झालेल्या मुली बऱ्याच असतात, म्हणून आखाजीला लागून दोन्हीकडे एकेक दिवस मोकळा सोडा. पेपर सकाळच्या सत्रात घ्या, दुपारी दोनचा पेपर भुसावळच्या उन्हात कोणालाच नको.

प्रथम वर्षाला स्वतंत्र रकाना द्या. सीईटीच्या (प्रवेश परीक्षेच्या) प्रवेश फेऱ्या लांबतात, त्यांचा पहिला तास द्वितीय वर्षाच्या पहिल्या तासाबरोबर होत नाही, आणि त्यांचे 90 दिवस त्यांच्या पहिल्या तासापासून मोजायचे असतात. प्रत्येक सत्राला पाच दिवस राखीव ठेवा: निवडणुकीच्या कामासाठी, अतिवृष्टीसाठी. हे पाच दिवस मसुद्यात दिसले की बैठकीत कोणीतरी हमखास "मग सुट्टी पाच दिवसांनी वाढवू" म्हणतं. तेव्हा त्यांचं नाव "अध्यापन पूर्तता" असं लिहा.