साखरेचं रिकामं पोतं आणि दहा मिनिटं

कोल्हापुरात शाळेतली कल्पकता म्हटलं की चित्रकला स्पर्धा डोळ्यांपुढे येते: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कडेला नारळाचं झाड. खरं तर वही-पेनावर, मराठीच्या तासालाही ती जोखता येते. नेहमीच्या वस्तूचे निरनिराळे उपयोग विचारायचे, ही जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची पद्धत. त्यात विटेचा प्रश्न प्रसिद्ध आहे. आपल्याकडे साखरेचं रिकामं पोतं घ्या.

प्रत्येकानं एकट्यानं, न बोलता, दहा मिनिटं लिहायचं. पाच मिनिटं झाली की उत्तरांखाली एक रेघ मारायला सांगा. रेघेच्या वर बहुतेक धान्य भरणं, पाय पुसणं, अंथरणं असतं, म्हणजे पाहिलेलं आठवून लिहिलेलं. क्रिस्टेन्सन, गिलफर्ड आणि विल्सन यांना १९५७ मध्ये हेच दिसलं: वेळ जातो तशी उत्तरं कमी होतात, पण वेगळी होत जातात. म्हणून मुलं अडली की लगेच वह्या गोळा करू नका. कामाचा भाग तिथूनच सुरू होतो.

घोटाळा बहुधा आपल्याच बोलण्यानं होतो. ‘उदाहरणार्थ, पिशवी शिवता येईल’ म्हणालात, की अर्धा वर्ग टोपी आणि एप्रन शिवायला बसतो. गटचर्चाही आधी नको. गटात एक बोलतो तोवर बाकीच्यांचं सुचलेलं विरून जातं. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवलं की तितक्याच माणसांनी एकेकटं सुचवलेलं एकत्र केलं तर कल्पना जास्त भरतात. आधी एकट्यानं, मग चौघांचे गट.

चाळीसच्या वर्गात एकानं किंवा फार तर दोघांनीच लिहिलेलं उत्तर वेगळं धरा. मात्र जो भराभर लिहितो त्याची वेगळी उत्तरंही आपोआप वाढतात. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या आवडत्या दोन उत्तरांवर खूण करायला लावा आणि फक्त ती उत्तरं दोन शिक्षकांनी, एकमेकांचे गुण न बघता, तपासावीत.

बक्षीस आधी जाहीर करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं आधीच सांगितलेली बालवाडीतली मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. अवचित प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड अशी घटली नाही.

पुढच्या खेपेला पोतं नको, जुनी चप्पल द्या. नाहीतर मागची यादी आठवूनच पानं भरतील.