तीनदा एकच उत्तर

घरून फोन आला की हा प्रश्न ठरलेला: लक्झेंबर्गमध्ये नक्की कोणती भाषा बोलतात? एका वाक्यात उत्तर देता येत नाही. इथल्या संसदेत खासदार वाद घालतात लक्झेंबर्गिशमध्ये, पण कायदा लिहिला जातो फ्रेंचमध्ये. मुलं बालवाडीत लक्झेंबर्गिश बोलतात, आणि शाळेत अक्षरओळख आजवर होत आली ती मुख्यतः जर्मनमधून. बेकरीत पाव मागायचा फ्रेंचमध्ये, कारण काउंटरमागच्या बाई रोज सीमा ओलांडून फ्रान्सहून कामाला येतात. आमच्या ऑफिसात इंग्रजी. देशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत, त्यातही जवळपास निम्मे लोक परदेशी नागरिक.

एवढ्या भाषांमध्ये राष्ट्रभाषा मात्र एकच. १९८४ च्या कायद्याने तो मान लक्झेंबर्गिशला दिला. कायदे फ्रेंचमध्ये आणि सरकारी कामकाज लक्झेंबर्गिश, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषांत, ही सोयही त्याच कायद्यात आहे. पण लोकांच्या मनात हा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागला होता.

मे १९४० मध्ये नाझी जर्मनीने हा देश ताब्यात घेतला. लक्झेंबर्गिश ही जर्मनचीच एक बोली, म्हणून हे लोक जर्मनच, असा त्यांचा दावा होता. फ्रेंचवर बंदी आली. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी शिरगणती काढली. अर्जात नागरिकत्व, मातृभाषा आणि वंश असे तीन प्रश्न होते, आणि लक्झेंबर्गिश ही बोली असल्याने मातृभाषा म्हणून ती चालणार नाही, अशी तंबीही होती. भूमिगत चळवळीने गुपचूप पत्रकं वाटली: तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गिशच लिहा. लोकांनी तसंच लिहिलं. सुरुवातीच्या तपासणीतच कल कळला आणि शिरगणती गुंडाळावी लागली. आजही ऑक्टोबरात इथे राष्ट्रीय स्मृतिदिन पाळतात, तो याच घटनेच्या तारखेला धरून.

मला ही हकिकत फार महत्त्वाची वाटते. ज्या भाषेत तेव्हा ना न्यायालय चालत होतं ना मोठा व्यापार, तिच्यासाठी साध्या गृहस्थांनी जिवाचा धोका पत्करला. भाषा कारभाराला किती उपयोगी, हा हिशेब त्यांनी केलाच नाही. आपण कोण, याचं उत्तर दुसऱ्याने लिहून द्यायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे ‘हिंदी ही राष्ट्रभाषा’ असं सहज बोललं जातं, तेव्हा मला हा फरक आठवतो. राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे; राष्ट्रभाषेचा दर्जा घटनेने कुठल्याच भाषेला दिलेला नाही. राजभाषा कारभारासाठी ठरवता येते. ओळख तशी ठरवून देता येत नाही, आणि मराठी माणसाला तर हे कुणी समजावून सांगायला नको.

इथे राहून आणखी एक गोष्ट पटली. ओळखीची भाषा परक्यांसाठी बंद ठेवावी लागत नाही. नागरिकत्वासाठी लक्झेंबर्गिशची परीक्षा असते, पण ती फक्त बोलण्याची आणि ऐकून समजण्याची. त्यातही समजण्याची अपेक्षा बोलण्यापेक्षा एक पायरी वरची! आधी आमचं ऐका, मग बोला, हा क्रम मला आवडतो. शिवाय भाषा शिकण्यासाठी नोकरदारांना २०० तासांपर्यंत रजा मिळू शकते. महाराष्ट्रात येणाऱ्यांनी मराठी शिकावी असं आपण नेहमी म्हणतो. त्यासाठी अशी रजा आणि असे वर्ग आपण का देऊ नयेत?

मी स्वतः नागरिकत्वाचा अर्ज करणार की नाही, ते ठरलेलं नाही. भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल आणि तो निर्णय जड आहे. संध्याकाळचा लक्झेंबर्गिशचा वर्ग मात्र चालू ठेवणार आहे. शेजारच्या आजींशी मला त्यांच्या भाषेत बोलायचंय.