वहीबांधणीची शीट: मार्कअप आणि मार्जिन वेगळे केले

मंडळी, या खेपेस सुई-दोरा बाजूला आहे. प्रदर्शनासाठी ए-५ वह्यांच्या किमती ठरवायच्या होत्या, म्हणून हिशोबाची शीट मुळापासून नव्याने बांधली.

आधी खर्च. एका वहीला ए-४ आकाराचे ४० कागद लागतात: पाच-पाच कागद मधोमध दुमडून केलेले आठ फर्मे (एकत्र शिवायचे जुडगे), १६० पृष्ठं. ५०० कागदांच्या रिममधून साडेबारा वह्या निघतात, पण अर्धी वही कोणी घेत नाही. म्हणून रिमची किंमत मी १२ने भागते. ६०० रुपयांचा रिम धरला तर कागद ५० रुपये, पुठ्ठा २०, कापड ३०, आणि दोरा, मेण, गोंद, अस्तराचा कागद मिळून २०. झाले १२०. त्याखाली वेळेची ओळ: दीड तास, ताशी १२० रुपये, म्हणजे १८०. एकूण ३००. ही वेळेची ओळ गाळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती गाळली की वही १२० रुपयांत पडल्यासारखी दिसते आणि पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात.

आता मुख्य काम. दोन्ही म्हणजे नफ्याची टक्केवारीच, पण मार्कअप खर्चावर मोजतात, मार्जिन विक्रीच्या किमतीवर. ३००ची वही ५००ला विकली तर नफा २००च, पण मार्कअप ६६.६७ टक्के आणि मार्जिन ४० टक्के. शीटमध्ये दोन्ही कॉलम शेजारी-शेजारी ठेवले आहेत. हवं ते मार्जिन धरून किंमत काढायचं सूत्र असं: खर्च भागिले (१ वजा मार्जिन). ३०० भागिले ०.६०, म्हणजे ५००. खर्चात नुसते ४० टक्के मिळवले असते तर किंमत ४२० झाली असती आणि मार्जिन जेमतेम २८.५७ टक्के.

मार्जिनचा आकडा एकाच सेलमध्ये ठेवा आणि सूत्रात त्याला डॉलरची चिन्हं लावा (एक्सेल आणि गुगल शीट्समध्ये एफ-४ दाबून लागतात), म्हणजे सूत्र खाली ओढताना तो सेल सरकत नाही. त्या सेलला टक्केवारीचं फॉरमॅटही आधीच द्या. साध्या सेलमध्ये ४० लिहिलं तर १ वजा ४० होतं आणि किंमत उणे येते.

दुकानात वह्या ठेवणाऱ्यांनी पुढचा भाग नीट पाहावा. दुकानाचं कमिशन विक्रीच्या किमतीवर जातं, म्हणून तेही भाजकात हवं. कमिशन ३० टक्के, आपलं मार्जिन ३० टक्के, तर १ मधून दोन्ही वजा करून ३०० भागिले ०.४०, किंमत ७५०. खर्चावर सरळ ६० टक्के चढवून ४८० ठेवले, तर १४४ दुकानाला जातात, ३३६ हाती येतात आणि दीड तास शिवलेल्या वहीवर नफा उरतो ३६ रुपये. हाताने काम करणाऱ्यांचं नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं, असं मला वाटतं.

सवलतीचा कॉलमही जोडला. ५००च्या वहीवर २० टक्के सूट दिली की किंमत ४००, नफा २०० वरून १००. तेवढाच एकूण नफा हवा तर दुप्पट वह्या विकायच्या, आणि त्याआधी त्या शिवायच्या. हे पाहून मोठ्या वह्यांवरची सूट मी काढून टाकली. छोट्या टिपणवह्यांवर ठेवली आहे, त्या अर्ध्या तासात होतात.

आता एकत्रित मार्जिनवर काम चालू आहे. त्यासाठी वेगवेगळ्या वह्यांच्या मार्जिनची सरासरी चालत नाही. ५० खर्चाची वही १००ला आणि ४०० खर्चाची ५००ला विकली, तर सरासरी ३५ टक्के दिसते. प्रत्यक्षात ६०० रुपयांच्या विक्रीवर १५० नफा आहे, म्हणजे २५ टक्के. म्हणून एकूण नफा भागिले एकूण विक्री.

एक गोष्ट अजून ठरत नाहीये. कापडाचे उरलेले तुकडे पुढे टिपणवह्यांच्या कण्याला वापरले जातात. त्यांचा खर्च पहिल्या वहीवरच टाकावा की दोघींत वाटावा? तुम्ही कसा धरता ते सांगा, त्याप्रमाणे कॉलम बदलते.