लोड होतंय

दुपारी जेवण झाल्यावर जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाले आणि लॅपटॉपवर 'कॅप्टन मार्व्हल' लावला. याआधी पाहिला होता. पण दुपारी नवीन सिनेमा बघू नये, पेंग आली की गोष्ट हातची जाते. सिनेमा २०१९चा असला तरी गोष्ट १९९५ची. त्यामुळे नायिका आकाशातून कोसळते तीच व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात. मग पेजर, नाणी टाकायचा फोन, सगळी पलटण हजर.

मी अडकले ती सीडीच्या प्रसंगापाशी. विमान कोसळलं तेव्हाचं रेकॉर्डिंग एका सीडीवर असतं. ती कॉम्प्युटरमध्ये जाते आणि सगळे थांबतात. कुठल्या कुठल्या ग्रहावरून आलेली मंडळी, मुठीतून आग सोडणारी बाई, सरकारी गुप्तहेर, सगळे पडद्याकडे बघत गुमान उभे. का? तर लोड होतंय!

त्या काळी नेट फोनच्याच लाइनवरून यायचं, आणि ते आणणारा आमच्याकडचा मॉडेम २८.८ किलोबिटचा होता. म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेतीन किलोबाइट, तेही लाइनची कृपा असेल तर. शंभर किलोबाइटचा फोटो उतरायला अर्धा मिनिट, आणि आमच्या लाइनवर तर केव्हाही जास्तच. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी यायचा. माझ्या आवडत्या नटाचे आधी केस आले, मग कपाळ, मग भुवया. डोळे येणार एवढ्यात आजीने बाहेरच्या खोलीतला रिसीव्हर उचलला. "अगं, या फोनात कुणी विव्हळतंय का गं?" झालं, नेट तुटलं. त्या नटाचे डोळे मी त्या दिवशी पाहिलेच नाहीत. आजीवर चिडले, तर ती म्हणाली, "इतका वेळ बघत होतीस की, अजून काय बघायचं राहिलं?"

तर या सिनेमाच्या जाहिरातीसाठी त्यांनी २०१९ साली एक वेबसाइट केली होती, मुद्दाम १९९५च्या थाटाची. डोळ्यांवर येणारे रंग, लुकलुकणारी अक्षरं, गेस्टबुक, किती जण येऊन गेले ते मोजणारा काउंटर. (असल्या काउंटरवर आकडा वाढावा म्हणून मी आमच्या वर्गाच्या पानावर स्वतःच वीस-वीसदा गेलेली आहे. नंतर सगळ्यांना सांगायचं, बघा किती लोक येतात!) साइट झकास होती, वाद नाही. पण चटकन उघडली. तिथेच माझं बिनसलं. बाकी सगळी नक्कल केलीत, मग ते ताटकळणं कुठे गेलं? निदान एखादा फोटो तरी अर्ध्यावर अडकवायचा.

त्यापेक्षा मला 'स्पेस जॅम' या सिनेमाची साइट आवडते. ती १९९६ची, खरीखुरी. काळं आकाश, चांदण्या, मधे नाव आणि भोवती ग्रह. ग्रहावर क्लिक केलं की पुढचं पान. सिनेमा थिएटरातून गेला, साइट मात्र कुणी उतरवली नाही. २०२१ साली सिनेमाचा पुढचा भाग आला तेव्हाही तिला आतल्या पत्त्यावर हलवून जपलं. जुनं दिसायची तिला काही खटपट करावी लागत नाही. तेव्हा नवीन होती, नंतर कुणी हात लावला नाही, इतकंच.

फोनवर ती उघडली. तीही चटकन उघडली! आता तिच्याशी काय भांडणार?

मग त्याच नटाचा एक फोटो शोधला. डोळ्यांसकट, लख्ख, एका झटक्यात आला. काय वाटलं कोण जाणे, त्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू खाली सरकवत गेले. केस. कपाळ. भुवयांपाशी हात आपसूक थांबला.

लॅपटॉपवर सिनेमा एव्हाना बराच पुढे गेला होता.